गारगोटी दाबली नि वीज निघाली : पिअर क्युरी

वाडी-सेडमच्या सिमेंट पट्ट्यात काम करणाऱ्यांना व्हायब्रेशन सेन्सर काही नवा नाही. बेअरिंगवर छोटी डबी बसवली की मशीन किती थरथरतंय ते कळतं. तिचं मूळ मात्र पॅरिसच्या पिअर क्युरी यांच्यापाशी जातं.

जन्म १५ मे १८५९. वडील डॉक्टर, पोराला शाळेत न घालता घरीच शिकवलं. १८८० मध्ये पिअर आणि थोरले बंधू जाक यांनी दाखवून दिलं, की क्वार्ट्झचा, म्हणजे आपल्या गारगोटीच्या जातीचा, स्फटिक दाबला की त्यावर विद्युतभार येतो. दाब जेवढा जास्त, भार तेवढा जास्त. डबीत स्फटिकावर एक वजन बसवलेलं असतं. मशीन हललं की ते स्फटिकाला कमी-जास्त दाबतं. त्यावरून त्वरण मोजतात. तोच स्फटिक थेट दाबाखाली ठेवला तर बल कळतं.

उपयोग आधी घरातच झाला. १८९८ मध्ये पत्नी मेरी यांनी याच क्वार्ट्झच्या साधनानं किरणोत्साराचा अगदी बारीक विद्युतप्रवाह मोजला आणि दोघांना पोलोनियम, रेडियम सापडलं. तेही गळक्या शेडमध्ये! १९०३ मध्ये नोबेल मिळालं.

१९ एप्रिल १९०६ रोजी भर पावसात रस्ता ओलांडताना पिअर मालवाहू घोडागाडीखाली सापडले. वय अवघं ४६. पुढं पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधायला त्यांचे विद्यार्थी पॉल लांजवँ यांनी क्वार्ट्झच वापरलं.