पाण्याच्या थेंबात जीव दिसतात असं कापडवाला म्हणाला, पण लंडनच्या शास्त्रज्ञांना ते पटेना

पाणी स्वच्छ दिसतंय म्हणजे ते पिण्यासारखं आहे, असं माणूस हजारो वर्षं धरून चालला होता. हा समज मोडला तो अँटोनी व्हॅन ल्युवेनहॉकनं. आणि हा गडी ना डॉक्टर होता, ना प्रोफेसर.

२४ ऑक्टोबर १६३२ रोजी नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावात त्याचा जन्म झाला. वडील टोपल्या विणायचे, पण ते लवकर गेले. सोळाव्या वर्षी अँटोनी अ‍ॅमस्टरडॅमला एका कापड व्यापाऱ्याकडे कामाला लागला. १६५४ मध्ये गावी परतून त्यानं स्वतःचं कापडाचं दुकान टाकलं. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही आणि विद्वानांची लॅटिन भाषाही येत नव्हती.

कापडाची वीण तपासायला त्या काळी भिंग लागायचं. अँटोनीला मात्र भिंगांचं वेडच लागलं. तो स्वतः भिंगं बनवायला लागला. दिसायला अगदी बारीक, पण ताकद जबरदस्त. आज शिल्लक असलेल्या त्याच्या एका सूक्ष्मदर्शकातून वस्तू सुमारे २७० पट मोठी दिसते.

१६७४ मध्ये त्यानं डेल्फ्टजवळच्या एका तलावाचं पाणी आणलं. उन्हाळ्यात ते गढूळ व्हायचं आणि त्यात हिरवट ढग तरंगायचे. हे दवामुळे होतं, असं गावकरी म्हणायचे. अँटोनीनं भिंगाखाली पाहिलं, तर पाण्यात चक्क जिवंत प्राणी फिरत होते.

मग त्यानं पावसाचं, विहिरीचं, समुद्राचं असं मिळेल ते पाणी तपासलं. स्वच्छ भांड्यात पावसाचं ताजं पाणी धरलं, तेव्हा त्यात जीव दिसले नाहीत. काही दिवसांनी त्याच पाण्यात ते दिसायला लागले. वाळूच्या कणाशी तुलना करून त्यानं त्यांच्या आकाराचाही अंदाज बांधला.

१६७६ मध्ये हे सगळं त्यानं पत्रातून लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. पण तिथे सुरुवातीला कोणालाच ते जीव दिसेनात. त्यामुळे त्याच्यावर शंका घेतली गेली. मग अँटोनीनं प्रतिष्ठित लोकांना बोलावून थेंब दाखवले आणि त्यांच्या लेखी साक्षी लंडनला पाठवल्या. त्यात पाद्रीही होते. अखेर नोव्हेंबर १६७७ मध्ये रॉबर्ट हूकला तेच जीव दिसले आणि प्रश्न मिटला. १६८० मध्ये रॉयल सोसायटीनं या कापडवाल्याला सदस्य करून घेतलं.

१६८१ मध्ये त्याचं पोट बिघडलं. पठ्ठ्यानं स्वतःची विष्ठाच भिंगाखाली ठेवली. त्यात हलणारे जीव होते. त्याच्या वर्णनावरून तो जिआर्डिया असावा, असं अभ्यासक मानतात. दूषित पाण्यातून पोटात जाऊन जुलाब लावणारा हा परजीवी.

म्हणजे पाण्यातले जीव आणि आजारी पोटातला परजीवी, दोन्ही एकाच माणसानं पाहिले होते. पण पाण्यातून आजार पसरतो, हे सिद्ध व्हायला एकोणिसावं शतक उजाडलं. उशीर होण्याची कारणं बरीच होती. त्यातलं एक म्हणजे अँटोनीनं आपली सर्वात चांगली पद्धत कोणालाच सांगितली नाही. २६ ऑगस्ट १७२३ रोजी नव्वदाव्या वर्षी तो गेला आणि ते गुपितही त्याच्यासोबत गेलं.

आज हे परजीवी कसे शोधतात? पाण्यात ते फार विरळ असतात, त्यामुळे एक थेंब बघून भागत नाही. आधी दहा लिटर किंवा त्याहून जास्त पाणी फिल्टरमधून गाळतात. फिल्टरवर अडकलेला गाळ काढून घेतात. परजीवीला चिकटणारी प्रथिनं लावलेले चुंबकीय मणी त्यात सोडून नेमके हवे ते जीव वेगळे करतात. मग चमकणारा रंग लावून ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. ही पद्धत लिहून ठेवलेली असते, म्हणजे दुसऱ्या लॅबलाही तीच तपासणी करता येते.

एवढा खटाटोप कशाला? १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात शुद्धीकरण केलेल्या नळाच्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी घराघरात पोहोचला आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडले. हा परजीवी नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाही. बॅक्टेरियाच्या साध्या तपासणीतही तो सापडत नाही. त्याला मुद्दाम शोधावंच लागतं.