गणिताचा गोल्ड मेडलिस्ट आणि सतरा कोटींची यादी

२०२४ ची लोकसभा निवडणूक. जर्नल अर्धवट टाकून रात्रीची एसटी पकडली आणि सकाळी सातला गावी पोचलो. अठरा पूर्ण झाल्यावर मतदार नोंदणीचा फॉर्म भरला होता, पण पुढे त्याचं काय झालं ते बघितलंच नव्हतं. केंद्रावर आजीचं नाव सापडलं, माझं नाही. आजी बोटाला शाई लावून घरी आली आणि मी कोरं बोट घेऊन. परतीच्या एसटीत चिडलो होतो तो स्वतःवरच. मग मनात आलं, आपल्या देशाची ही यादी पहिल्यांदा केली तरी कुणी? लायब्ररीत शोधताना एक नाव हाती लागलं, सुकुमार सेन. मेसमध्ये चार जणांना विचारून बघितलं, सगळे गारद. म्हणून हा लेख.

मित्रांनो, सेनसाहेब म्हणजे आपल्यासारखेच आकडेमोडीवाले. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकले, मग लंडन विद्यापीठात गेले आणि तिथे गणितात सुवर्णपदक मिळवलं. १९२१ मध्ये आयसीएसमध्ये शिरले. बंगालच्या जिल्ह्याजिल्ह्यांत नोकरी केली, न्यायाधीशाचंही काम पाहिलं. स्वातंत्र्य आलं तेव्हा ते पश्चिम बंगालचे मुख्य सचिव झाले. मार्च १९५० मध्ये दिल्लीहून बोलावणं आलं आणि ते देशाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले.

आता प्रॉब्लेम स्टेटमेंट बघा. इंग्रजांच्या काळात मालमत्ता, कर, शिक्षण बघून मोजक्यांनाच मत मिळायचं. संविधानाने २१ वर्षांवरच्या प्रत्येकाला ते दिलं. मतदार १७ कोटी ६० लाख, त्यातले शंभरातले पंच्याऐंशी निरक्षर. वर फाळणीमुळे लाखो निर्वासितांचा पत्ता आज एक तर उद्या दुसरा. यादीचं प्राथमिक काम संविधान लागू होण्याआधीच सुरू झालं होतं, पण ते पुरं करायचं होतं सेनांना. नेहरूंना १९५१ च्या सुरुवातीलाच निवडणूक व्हावी असं वाटत होतं. सेनांनी थोडा दम धरायला सांगितलं. पंतप्रधानांना थांबवणं सोपं नसतं, पण याद्याच तयार नसतील तर निवडणूक कसली?

कम्प्युटर नव्हता. याद्या टाइप करून जुळवायला १६,५०० कारकून सहा महिन्यांच्या कराराने घेतले. छपाईला ३ लाख ८० हजार रिम कागद लागला. आपण एका प्रोजेक्ट रिपोर्टच्या तीन कॉप्या काढताना रडतो!

या कामातली सगळ्यात अवघड गाठ मात्र कागदाची नव्हती. उत्तर भारतात लाखो बायकांनी आपलं नाव सांगितलंच नाही. परक्या माणसाला नाव सांगायची रीत नव्हती, म्हणून अमक्याची आई, तमक्याची बायको अशाच नोंदी झाल्या. सेनांनी ठरवलं की यादीत माणूस स्वतःच्या नावानेच येईल. दुरुस्तीसाठी मुदत वाढवली, काही ठिकाणी तिचा उपयोगही झाला. तरीही जवळजवळ २८ लाख स्त्रियांची नावं गाळावी लागली. निर्णयावर ओरड झाली. मलाही वाचताना तो कठोर वाटला, कारण मत बुडालं ते त्या बायकांचं, रीत घालणाऱ्यांचं नाही. पण सेनांचं म्हणणं असं, की या गोंगाटामुळेच पुढच्या वेळी बायका नावं सांगतील.

वाचता न येणाऱ्यांसाठी चिन्हं ठरली. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि तिच्यावर त्याचं चिन्ह, म्हणजे कागद योग्य पेटीत टाकला की झालं. देशभरात सुमारे २० लाख लोखंडी पेट्या लागल्या. त्यातल्या बारा लाखांहून जास्त आपल्या मुंबईत, गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यात बनल्या. मेकॅनिकलवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही. दुबार मतदान होऊ नये म्हणून बोटाला न पुसणारी शाई आली, ती केमिकलवाल्यांच्या खात्यात. ऑक्टोबर १९५१ मध्ये हिमाचलच्या डोंगरात पहिली मतं पडली आणि फेब्रुवारी १९५२ पर्यंत देशाने मतदान पुरं केलं.

सेनांचं नाव परदेशातही झालं. १९५३ मध्ये सुदानच्या निवडणुकीसाठी त्यांना बोलावलं गेलं. १९५४ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९५७ ची दुसरी निवडणूकही त्यांनीच घेतली. पहिल्या वेळच्या पेट्या नीट जपून ठेवल्या होत्या, त्याच वापरल्या आणि साडेचार कोटी रुपये वाचवले. १९५८ च्या डिसेंबरात ते निवृत्त झाले आणि पुढे बर्दवान विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बनले. आत्मचरित्र वगैरे काही लिहिलं नाही. एवढं काम करून माणूस मुकाट बाजूला झाला, म्हणूनच बहुधा आपल्याला माहीत नाही.

आता आपलं. नवीन नाव घालायला फॉर्म ६, पत्ता बदलायचा किंवा दुरुस्ती करायची तर फॉर्म ८. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो, म्हणजे फर्स्ट इयरवाल्यांनीही पळ काढू नये. हॉस्टेलच्या पत्त्यावर नाव घालता येतं, त्यासाठी कॉलेजचं बोनाफाईड लागतं. नाहीतर घरच्या पत्त्यावर ठेवा, पण दोन्हीकडे नको, तो गुन्हा आहे. आणि फॉर्म भरला, कार्ड आलं म्हणजे झालं असं समजू नका, यादीत नाव आहे का ते डोळ्यांनी बघा. चौकशीचा फोन नंबर १९५० आहे, सेनांनी काम हाती घेतलं तेच साल.

परवा घरी गेलो तेव्हा यादीची प्रिंट आजीला दाखवली. तिला वाचता येत नाही. तिच्या नावावर बोट ठेवून मी वाचून दाखवलं, आधी तिचं स्वतःचं नाव, मग आजोबांचं, मग आडनाव. तिने विचारलं, तुझं कुठाय रे? या वेळी तिच्याच पानावर खाली सापडलं.