चाळिशीत नवा धंदा : दादासाहेब फाळके



आम्ही इथे लंडनमध्ये आयटीत काम करणारे. वय तिशीचं, डिग्री इंजिनिअरिंगची. हल्ली चार जण जमलो की विषय ठरलेला. एआय आलं, कंपनीत कपात होणार, चाळिशीत नोकरी गेली तर आपल्याला दुसरं येतंय काय? गेल्या खेपेला हीच रडकथा चालू असताना दादासाहेब फाळक्यांचा विषय निघाला आणि आम्ही जरा गप्प झालो.

धुंडिराज गोविंद फाळके. जन्म 30 एप्रिल 1870, त्र्यंबकेश्वर. शाळेनंतर 1885 मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, मग बडोद्याच्या कलाभवनात. तिथे चित्रकला, फोटोग्राफी, साच्यातून मूर्ती काढणं असं जे मिळेल ते शिकले. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. प्लेगने पहिली बायको आणि मूल गेलं, स्टुडिओही चालला नाही. बडोद्याला एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकले आणि नाव उलटं करून 'प्रोफेसर केल्फा' म्हणून प्रयोग करू लागले! नाटकांचे पडदे रंगवले. 1903 मध्ये पुरातत्त्व खात्यात नोकरी धरली. स्वदेशीच्या लाटेत ती सोडली आणि लोणावळ्याला छापखाना काढला. रंगीत छपाईची यंत्रं बघायला 1909 मध्ये जर्मनीलाही जाऊन आले. धंदा बरा चालला होता, तोच भागीदारांशी बिनसलं आणि फाळके स्वतःच उभ्या केलेल्या छापखान्यातून बाहेर पडले.

म्हणजे वय चाळीस, हातात काम नाही, घरी बायको-मुलं. आजच्या भाषेत सीव्ही काय तर फोटोग्राफर, पेंटर, जादूगार, प्रिंटर. कुठलाही एचआरवाला बाजूला ठेवील असा!

अशात त्यांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. येशूच्या जागी त्यांना राम-कृष्ण दिसू लागले. मग रोज सिनेमे बघायचे, घरी येऊन खटपट करायची. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. ते बरं झाल्यावर विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून 1912 च्या फेब्रुवारीत गडी लंडनला हजर! ओळख ना पाळख. 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांना जाऊन भेटले. त्यांच्यामार्फत सेसिल हेपवर्थ यांचा वॉल्टन-ऑन-टेम्स इथला स्टुडिओ पाहायला मिळाला. वॉटर्लूहून ट्रेनने अर्ध्या तासावरचं हे गाव. आमच्यातले कितीतरी जण तिथून रोज जातात, पण हे कुणाला ठाऊक नव्हतं. विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेऊन फाळके एप्रिलमध्ये परतले.

आता गंमत बघा. कॅमेरा आणि फिल्म धुण्याचं रसायन त्यांना फोटोग्राफीतून माहीत होतं. पडदे आणि सेट म्हणजे जुनं रंगकाम. यंत्राशी झटापट छापखान्यात झालेली. आणि माणूस एकदम गायब करणं, हनुमान उडवणं ही तर प्रोफेसर केल्फाची विद्या! कर्ज देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी महिनाभर कॅमेरा लावून एका रोपाची वाढ टिपली आणि पडद्यावर ती काही क्षणांत दाखवली. आमच्या भाषेत हा 'डेमो' झाला.

पण एकट्याचं काम नव्हे हे. सरस्वतीबाईंनी, त्यांच्या दुसऱ्या पत्नीने, दागिने दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला आणि रात्री जागून फिल्मला भोकंही पाडली. त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय. तारामती व्हायला बाई मिळेना, तर हॉटेलातल्या साळुंके नावाच्या पोऱ्याला उभं केलं. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. पहिला पूर्ण लांबीचा भारतीय कथापट म्हणून तोच ओळखला जातो. 1917 च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही साळुंकेच झाले. 1919 च्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली फाळक्यांची छोटी मुलगी मंदाकिनी.

इथे थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण पुढचंही सांगायला हवं. नव्या कंपनीतही भागीदारांशी पटलं नाही. फाळके काशीला निघून गेले, पुन्हा परत आले. मग बोलपट आला आणि त्यांची मूकपटाची विद्या मागे पडली. एकच बोलपट काढला, 1937 चा 'गंगावतरण'. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकला ते वारले, तेव्हा त्यांची आठवण फारशी कुणाला राहिली नव्हती. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला 1969 मध्ये.

आम्हाला यातून काय दिसलं? त्यांच्या हातची कला वाया गेली नाही, अगदी जादूसुद्धा. मात्र भागीदारांशी जुळवून घेणं त्यांना आधीच्या धंद्यात जमलं नाही आणि नव्यातही जमलं नाही. नवीन धंद्यात गुण जातात तसे दोषही बरोबर जातात. आणि घरच्यांची साथ नसती तर त्या गुणांचंही काही झालं नसतं.

असो. त्या रात्री आम्ही प्रत्येकाने कागदावर लिहून काढलं, कोडिंग सोडून आपल्याला काय काय येतं. एकाची यादी तबल्यापासून सुरू झाली, दुसऱ्याची पुरणपोळीपासून! तुम्हीही घरी करून बघा. बायकोला किंवा नवऱ्याला शेजारी बसवून केलीत तर यादी जास्त खरी होते, हा आमचा अनुभव.