ह्यू केर्न्स : हेल्मेटमागचा डॉक्टर



शाळा सुटली की गेटपाशी दुचाक्यांची गर्दी होते. बाबांच्या डोक्यावर हेल्मेट असतं, मागे बसणाऱ्या पोराचं डोकं मात्र उघडंच. हे तुम्ही रोज बघता, म्हणून आज सर ह्यू केर्न्स यांची ओळख करून घेऊ या.

केर्न्स यांचा जन्म १८९६ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरी इथे झाला. अ‍ॅडलेडला डॉक्टरी शिकले, ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला गेले. पुढे अमेरिकेत बॉस्टनला हार्वे कुशिंग यांच्या हाताखाली मेंदूची शस्त्रक्रिया शिकले. हुशार मुलांच्या अशा गोष्टी तुम्हाला बऱ्याच सापडतील. केर्न्स यांची वेगळी गोष्ट पुढेच आहे.

१३ मे १९३५. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स इंग्लंडच्या डॉर्सेट भागात मोटारसायकलवरून चालले होते. पुढे सायकलवर दोन मुलं होती. त्यांना वाचवायला लॉरेन्सनी गाडी वळवली आणि ते फेकले गेले. डोक्यावर काही नव्हतं. उपचार करणाऱ्या डॉक्टरांमध्ये केर्न्स होते, पण उपयोग झाला नाही. सहाव्या दिवशी लॉरेन्स गेले, वय अवघं ४६.

आता बघा, मेंदू असतो मऊ. कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात तो तरंगत असतो. डोकं आपटून एकदम थांबतं, पण आतला मेंदू हलतो, फिरतो, पिळवटतो. हाड न मोडताही माणूस बेशुद्ध पडतो, कधी जातोही. वर्गात दाखवायचं असेल तर स्टीलच्या डब्यात अंडं ठेवून डबा आपटा, मग कापूस भरून आपटा. हेल्मेटचं कामही थोडंफार कापसासारखंच. धक्का क्षणभर लांबतो आणि एका जागी न बसता पसरतो.

दुसरं महायुद्ध सुरू झालं. विमानहल्ल्यांच्या भीतीने ब्रिटनमध्ये रस्त्यांवर रात्री अंधार असे, आणि लष्कराचे निरोपे मोटारसायकलवरून धावत. केर्न्स यांनी १९४१ साली एक लेख लिहिला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत २२७९ मोटारसायकलस्वार आणि मागे बसणारे मेले होते, म्हणजे रोज तीनपेक्षा जास्त. हेल्मेट घालून जखमी झालेले मात्र त्यांना सातच आढळले, आणि सातही वाचले. सात म्हणजे फार थोडे, हे खरंच! पण त्याच वर्षी नोव्हेंबरात लष्कराने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. केर्न्स तिथेच थांबले नाहीत. पुढची मोजणी चालू ठेवून १९४६ साली त्यांनी मृत्यू कसे उतरत गेले ते मांडलं. मला त्यांचं मोठेपण इथे वाटतं. जे कधी टेबलापर्यंत पोचलेच नाहीत, त्यांचा हिशोब एका सर्जनने ठेवला.

त्याच काळात ऑक्सफर्डच्या सेंट ह्यूज कॉलेजात त्यांनी डोक्याला मार लागलेल्या सैनिकांचं रुग्णालय चालवलं. आघाडीजवळ जाऊन शस्त्रक्रिया करणारी फिरती पथकंही उभी केली, कारण तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी जखमी झालेल्याला तास न् तास थांबून चालत नाही.

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने चार वर्षांवरच्या मुलांनाही हेल्मेट लागतं, हे बऱ्याच पालकांना ठाऊकच नसतं. घेताना आयएसआय खूण बघा, आणि पट्टा आवळलेला आहे का, तेही.

केर्न्स १९५२ साली कॅन्सरने गेले, ५६ व्या वर्षी. ब्रिटनमध्ये सर्व मोटारसायकलस्वारांना हेल्मेटची सक्ती झाली ती १९७३ साली.