केएफसीच्या डब्यावरचा म्हातारा स्वतःच्याच कंपनीशी का भांडत होता?

केएफसीच्या डब्यावर पांढऱ्या दाढीचा, काळा बो टाय लावलेला जो म्हातारा हसतोय, तो कुणा चित्रकाराची कल्पना नाही. तो खराखुरा माणूस होता. नाव हारलँड सँडर्स. आणि म्हातारपणी तो आपलाच चेहरा वापरणाऱ्या कंपनीशी भांडत होता.

सँडर्सचा जन्म १८९० चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. वडील लवकर गेले. आई कामाला जायची, त्यामुळे भावंडांसाठी चूल याच्याकडे आली. रेल्वे, विमा, टायर अशी नाना कामं करून १९३० मध्ये तो केंटकी राज्यातल्या कॉर्बिन गावात पेट्रोल पंप चालवू लागला. थांबणाऱ्या प्रवाशांना तो घरातल्याच टेबलावर जेवायला वाढायचा. तिथूनच त्याचं हॉटेल उभं राहिलं.

दक्षिणेकडे तळलेलं चिकन घरोघरी व्हायचं. त्या चवीमागे आफ्रिकन-अमेरिकन स्वयंपाकिणींचा मोठा हात होता. सँडर्सने त्याला स्वतःचा मसाला लावला आणि वेळ वाचवायला प्रेशर कुकर वापरला. कर्नल हा काही त्याचा लष्करी हुद्दा नव्हता. राज्याच्या गव्हर्नरने १९३५ मध्ये दिलेली ती मानाची पदवी होती.

१९५२ मध्ये त्याची रेसिपी पहिल्यांदा गावाबाहेर पडली. युटा राज्यातल्या पीट हार्मन या हॉटेलवाल्याने ती घेतली आणि तिथे नाव पडलं, केंटकी फ्राइड चिकन. केंटकीत या नावाची गरजच नव्हती. पण लांबच्या गिऱ्हाईकाला त्यातून दक्षिणेचा पाहुणचार आठवायचा.

पुढे नवा महामार्ग कॉर्बिनला वळसा घालून जाणार हे ठरलं आणि गिऱ्हाईक आटलं. १९५६ मध्ये सँडर्सने हॉटेल विकलं. पासष्टी गाठलेला हा गडी कुकर आणि मसाला गाडीत टाकून गावोगावच्या हॉटेलांत फिरला. पटलं तर करार, विकलेल्या प्रत्येक कोंबडीमागे काही सेंट. बायको क्लॉडिया घरी मसाला बांधून पाठवायची. पांढरा सूट हीच त्याची जाहिरात झाली.

१९६४ पर्यंत ६०० हून जास्त ठिकाणी हे चिकन मिळू लागलं. तेव्हा त्याने २० लाख डॉलरला कंपनी विकली. तो पगारी चेहरा म्हणून राहिला, पण स्वयंपाकघरावरचा शब्द गेला.

खरं दुखणं इथेच होतं. त्याची ग्रेव्ही करायला किचकट होती, म्हणून कंपनीने ती सोपी केली. सँडर्सने थेट वर्तमानपत्रात तिची तुलना भिंतीला कागद चिकटवायच्या खळीशी केली. एका शाखेने बदनामीचा खटला भरला. त्याचा रोख कुठल्याही एका शाखेवर नव्हता, म्हणून १९७८ मध्ये कोर्टाने तो खटला फेटाळला. त्याआधी नाव वापरण्यावरून त्याचं कंपनीशीही कोर्टात वाजलं होतं. ते प्रकरण तडजोडीने मिटलं.

१९८० मध्ये, वयाच्या नव्वदीत तो गेला. पांढऱ्या सूटमध्येच त्याला पुरलं. १९९१ मध्ये कंपनीने नाव छोटं करून केएफसी केलं, चेहरा मात्र ठेवला.

गल्लीतलं आवडतं हॉटेल शाखा काढतं तेव्हा पाटी, नाव, फोटो सगळं सोबत नेता येतं. चवीवर शेवटचा शब्द कुणाचा, हे मात्र सही करण्याआधीच ठरवावं लागतं. सँडर्सने सही आधी केली, आणि नंतर शेवटपर्यंत ग्रेव्हीवरून भांडत राहिला.