वाल्डेमार हाफकिन : प्लेगच्या लशीचे जनक

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, मुलुंड-घाटकोपरहून लोकलने परळला गेलात की मुलांना हाफकिन संस्था जरूर दाखवा. हे नाव कोणाचे, असे मुलांनी विचारले तर ही माहिती उपयोगी पडेल.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला. माणसे घरेदारे सोडून पळू लागली. पुण्यात रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले याच साथीत, मार्च १८९७ मध्ये गेल्या. हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा जागेत राबत होते. मांसाच्या रश्श्यावर तूप सोडून त्यात ते प्लेगचे जंतू वाढवत, मग उष्णतेने मारत. हीच लस! १० जानेवारी १८९७ रोजी तीही त्यांनी आधी स्वतःलाच टोचली. त्यानंतर भायखळा तुरुंगातल्या तयार झालेल्या कैद्यांना दिली.

मेलेल्या जंतूंपासून शरीर काय शिकते? आपल्या छातीत, हृदयाच्या वरच्या बाजूला थायमस ग्रंथी असते. तिथे टी-पेशींच्या जणू दोन परीक्षा होतात. आपल्या पेशींवरची ओळखखूण वाचता आली नाही तर पेशी नापास. आपल्याच शरीरावर जोरात चालून गेली तरी बहुधा बाद. फार थोड्या पास होतात आणि त्यातल्या काही लशीतला जंतू ओळखून लक्षात ठेवतात. थायमसचे हे महत्त्व १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी दाखवले. हाफकिन यांना ते कळणे शक्यच नव्हते.

१९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला, त्यांचे पद गेले. पुढे पुरावा निघाला, की ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले, पण परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव दिले गेले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले.

वर्गात एकच प्रश्न विचारून बघा : पुरावा हातात येण्याआधीच एखाद्याला दोषी ठरवले, तर नुकसान कोणाकोणाचे होते? मुलांना बोलू द्या.