सर्पगंधेची मुळी आणि डॉ. वकील

१९४० च्या सुमारास रक्तदाब वाढलेल्या रोग्याला डॉक्टर काय देत? मीठ बंद करा, विश्रांती घ्या, चिंता करू नका, एवढा सल्ला. फारच झाले तर शस्त्रक्रिया करून रक्तवाहिन्यांकडे जाणारे मज्जातंतूच कापून टाकीत. अशा काळात डॉ. रुस्तम जाल वकील मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात रोगी तपासत होते.

१९११ साली जन्मलेले हे पारशी गृहस्थ लंडनला वैद्यक शिकून आले होते. तिकडून आलेला डॉक्टर जडीबुटीकडे सहसा नाक मुरडूनच पाहायचा. वकिलांनी तसे केले नाही. सर्पगंधेची मुळी वैद्य-हकिमांच्या जुन्या परिचयाची. बिहारकडे तर ती वेडावरचे औषध म्हणूनच विकली जाई. तिने रक्तदाब उतरतो, हे कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ सालीच लिहिले होते. पण पश्चिमेकडे त्याची दखल कुणी घेतली नव्हती. वकिलांनी रोग्यांना गोळ्या दिल्या, दाब मोजले, नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली ५० रोग्यांचा वृत्तांत ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला. मला त्यांची ही चिकाटी शोधाहूनही मोठी वाटते. मग बोस्टनच्या डॉ. विल्किन्स यांनीही मुळी वापरून पाहिली, आणि १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढले.

मुळी नेमके करते काय, हे पुढे कळले, आणि खरी गंमत तिथेच आहे. मज्जापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मेंदूत त्यांच्यामध्ये इतकी बारीक फट असते, की मिलिमीटरचे ५० हजार भाग केले तर त्यातला एक. पेशीतून धावत आलेला विजेचा संदेश बहुतेक ठिकाणी या फटीशी थांबतो. तिथे इवल्या पिशव्यांतून रसायन सांडते, आणि पलीकडची पेशी, स्नायू किंवा रक्तवाहिनी ते ओळखून कामाला लागते. रक्तवाहिनीपाशी सांडणारे नॉरअॅड्रिनलीन तिला आवळते. रिसर्पिन या पिशव्या भरूच देत नाही. संदेश येतो, पण द्यायला जवळ काही नाही. वाहिनी सैल पडते, दाब उतरतो. (आपल्या भंडाऱ्याकडे धानाच्या बांधीत पेरतात त्या लाखोळीतले विष नेमके उलटे वागते. ते ग्लुटामेट या संदेशवाहकाचे सोंग घेऊन पलीकडच्या पेशीला नको तितके डिवचते. दुष्काळात महिनोन् महिने नुसत्या लाखोळीवर काढणाऱ्यांचे पाय ताठरून निकामी होत.)

मेंदूतल्या पिशव्याही रिसर्पिनने रित्या होतात. १९५७ साली स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी, त्यामुळे निश्चल पडलेल्या सशांना एल-डोपा टोचले, तो ससे पुन्हा हिंडू लागले. कंपवातावरच्या आजच्या औषधाचे मूळ त्यात आहे. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले.

वकिलांना १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार आणि पुढच्याच वर्षी पद्मभूषण मिळाले. १९७४ साली ते वारले. तोवर रिसर्पिनचा भर ओसरू लागला होता. नाक चोंदे, काही रोगी खिन्न होत, अशा तक्रारी होत्या. शिवाय नवी औषधे आली होती. आता ते क्वचितच कुणी लिहून देते. जंगलातली सर्पगंधा मात्र मुळ्यांसाठी इतकी उपटली गेली, की तिच्या परदेशी व्यापारावर बंधने घालावी लागली.